नांगर उचलायच्या आधी

कुमझार,
बुधवार, शाबानची अकरावी तारीख

लाडक्या हमदानला तुझ्या बापाच्या आईचा, म्हणजे कुलसूमचा, सलाम. कोण कुलसूम, असं विचारशील म्हणून पुरती ओळख देते. जासिमची आई. डोंगराच्या पायथ्याचं निळ्या दाराचं घर. तू सहा वर्षांचा होईस्तोवर जी माशाचे काटे काढून तुला भरवत होती, तीच ही. अजून आठवत नसेल तर डावी भुवई चाचपून बघ. तिथली खूण माझ्या चुलीच्या दगडाची आहे, सोहारच्या नाही.

मी बरी आहे. गुडघे बोलतात, पण माझ्याशी बोलायला आता तेवढेच राहिलेत. बकऱ्या सुकी मासळी खाऊन माजल्या आहेत. काळ्या बकरीला दोन पिल्लं झाली. एक तुझ्यासारखं आहे, हाक मारली की उलट्या दिशेला पळतं.

हे पत्र अफ्रा लिहिते आहे. आपल्या शाळेतली मास्तरीण. तुझ्या सोहारच्या आजीची, आमच्या विहीणबाई लतीफांची, सख्खी भाची. गावात लिहिता येणारे पुष्कळ आहेत, पण त्यांच्यापैकी कुणाला बसवलं असतं तर शाई वाळायच्या आत सगळं गावभर झालं असतं. अफ्रा तोंडाची घट्ट आहे. शत्रूच्या घरातली असली म्हणून काय झालं? ती विचारते, ‘‘कुलसूमआजी, ‘शत्रू’ लिहू?’’ म्हटलं, लिही. मोठ्या अक्षरात लिही.

आता इकडची बातमी. समुद्र आमचा राहिलेला नाही. दोन आठवड्यांपूर्वी एका टँकरला काहीतरी लागलं आणि तो तीन दिवस जळत होता. वाळत घातलेले कपडे काळे झाले. मग तेल आलं. खाडीच्या तोंडाशी पाणी असं जड झालं की लाट उठायलाही आळस करी. जाळी टाकायची सोय नाही. रात्रंदिवस गस्तीच्या बोटी सुसाट जातात, कुणाच्या ते कळत नाही आणि विचारायला कुणी जात नाही. फोनही येडे झालेत. माझ्या भाच्याच्या, उबैदच्या, फोनमध्ये बोट कुठे आहे ते दिसतं ना, परवा तो फोन म्हणाला की बोट डोंगराच्या माथ्यावर आहे. उबैद म्हणाला, ‘‘आत्या, वर आलोच आहे तर लाकडं तोडून आणू का?’’ आता पोरं पुन्हा जुन्या पद्धतीनं दोन सुळके एका रेषेत धरून येतात. तुझा बाप तसाच यायचा.

उबैद तुमच्या जहाजापर्यंत येतो हे तुला ठाऊकच आहे. खसबच्या पश्चिमेला तुम्ही बारा-तेरा जहाजं नांगर टाकून उभी आहात, सामुद्रधुनीतून जायची पाळी कधी येते त्याची वाट बघत, आणि हा लाँचमधून तुम्हाला भाजी आणि गोडं पाणी पोचवतो. तुमच्या कप्तानानं सगळ्यांचे फोन काढून घेतलेत, जागा कुणाला कळू नये म्हणून, हे त्यानंच सांगितलं. मनात आलं, बरं झालं. आता लतीफालाही तुझा फोन नाही.

बघ, पहिल्याच पानावर निघालं तोंडातून.

हमदान, तू काही आंधळा नाहीस. माझं आणि लतीफाचं काय आहे ते तू लहानपणापासून बघतोस. जासिम बुडाला तेव्हा तू पाच वर्षांचा. पुढच्या वर्षी तुझी आई तुला घेऊन सोहारला माहेरी गेली. तिनं दुसरं लग्न केलं, मस्कतला तिचा संसार झाला, चांगलं झालं, माझी तक्रार नाही. पण तू राहिलास आजोळी. हिवाळ्यातले दोन महिने माझे, बाकीचं वर्ष लतीफाचं. तुझा पडलेला पहिला दात तिच्या डबीत. तुझी शाळेची प्रमाणपत्रं तिच्या भिंतीवर. माझ्याकडे काय, तर तुझ्या भुवईवरची खूण. तीही तूच घेऊन फिरतोस.

गेल्या उन्हाळ्यात खजुराच्या दिवसांत आम्ही सगळे नेहमीसारखे खसबला उतरलो होतो. बायका सावलीत बसून खजूर निवडत होत्या. तिथे तुझी लतीफाआजी पाहुणी आली. हातात फोन. सगळ्यांना दाखवते, ‘‘हा बघा माझा हमदान, जहाजाच्या पुढच्या टोकावर. रोज फोन करतो हो. जेवलीस का आजी, विचारल्याशिवाय पोराला घास जात नाही.’’

मी खजूर निवडत होते. म्हटलं, ‘‘रोज विचारावं लागतं का? माझ्याकडे बघून तर त्याला कळतं.’’

‘‘बघतो कधी तो तुमच्याकडे?’’ लतीफानं अगदी गोड आवाजात विचारलं.

‘‘तुमच्याकडे त्याचा आवाज येतो, विहीणबाई. माझ्या दारावरून तो स्वतः जातो.’’

बायका हसल्या. मी जिंकले. कारण त्या आधीच्या महिन्यात संध्याकाळी तुझं जहाज आमच्यासमोरून गेलं होतं, आणि तू बाहेर उभा राहून तीनदा दिवा दाखवला होतास. एवढ्या लांबून ठिणगीएवढा दिसला. मी छतावर उभी होते. त्या तीन ठिणग्या मी महिनोन्‌महिने पुरवून वापरल्या. आलेल्या-गेलेल्याला सांगितल्या. पाण्याला गेले की सांगितल्या. शेवटी बायका मला येताना बघून घागरी उचलायच्या.

खोटं कशाला बोलू, तुझं जहाज या वाटेनं जावं असं मला वाटत होतं. दुसऱ्या कुठल्या समुद्रात नको, याच वाटेनं. लोक म्हणतात सगळ्या जगाचं तेल आमच्या दारातून जातं. मला तेलाशी काय करायचंय.

आता गेल्या शुक्रवारची गोष्ट. ही ऐकून हसू नकोस. उबैद खसबहून परत येत होता. वाटेत पाण्यावर काहीतरी काळं, गोल, मोठ्या रांजणाएवढं तरंगताना दिसलं. आपल्याकडची खोड तुला ठाऊक आहे, वाहून आलेलं काही सोडायचं नाही. पिंपं, फळ्या, दोरखंड, सगळं घरी. माझ्या अंगणातलं पाण्याचं टाकं असंच आलेलं. उबैदनं लांबून दोरीचा फास टाकला आणि निघाला ओढत. मनात म्हणाला, आत्याच्या बकऱ्यांना दुसरं टाकं झालं.

मी किनाऱ्यावर मासळी वाळत घालत होते. आधी बोट दिसली, मग मागचं ते दिसलं. त्याला शिंगं होती, हमदान. बोटभर लांबीची. तुझा बाप अंगावर पीत होता तेव्हा पलीकडच्या किनाऱ्यावरच्या लढाईत असलाच एक पाणसुरुंग मी बघितला होता, आणि त्याला धडकलेली बोटही बघितली होती. बोट म्हणजे, तिचं जे उरलं होतं ते.

मी डोक्यावरचं काळं वस्त्र ओढून काढलं आणि हवेत फिरवायला लागले. पाऊणशे वर्षांची बाई, उघड्या डोक्यानं, सगळ्या गावासमोर. ‘‘दोरी काप! उबैद, दोरी काप!’’

हा गाढव मला हात करतो. म्हणतो, ‘‘आणतोय आत्या, आणतोय! तुझ्यासाठीच!’’

‘‘तुझ्या आईची शपथ आहे, दोरी काप!’’

काय वाटलं कोण जाणे, त्यानं कापली. नंतर पहारेकऱ्यांची बोट आली आणि त्यांनी ते लांब नेऊन फोडलं. डोंगर हलला. बकऱ्या दोन दिवस कड्यावरून उतरल्या नाहीत. उबैद माझ्या उंबऱ्यावर बसून राहिला.

त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळलं की मी कुठल्या वाटेचा तोरा मिरवत होते. तू ज्या पाण्यातून यायला निघाला आहेस, त्याच पाण्यातून ते आलं होतं.

अफ्रा म्हणते, हात दुखतोय, थोडं थांबू या. म्हटलं, थांबू नकोस. मी थांबले तर पुढचं सांगणार नाही.

काल उबैद तुमच्याकडून आला. त्यानं सांगितलं, कप्तानानं जेवणघरात कागद लावला आहे. ज्याला या वाटेनं जायचं नाही त्यानं शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या आत नाव लिहावं. त्याला उबैदच्या लाँचनं खसबला उतरवणार, कुणी बोल लावणार नाही. शनिवारी नांगर उचलणार. कागदावर तीन नावं आहेत आणि त्यात तुझं नाही.

उबैदनं शिडीशी तुला विचारलं ना, ‘‘का रे, तुला नाही उतरायचं?’’ आणि तू काय म्हणालास ते त्यानं मला शब्दाला शब्द सांगितलं. ‘‘उतरून जाऊ कुठे, उबैदभाई? किनाऱ्यावर कुणाला हवा होतो मी? बघितलं की एकदा.’’

हमदान, ते बघितलंस ते तसं नव्हतं.

मागच्या रमजानच्या महिन्यात एक पाहुणा माझ्याकडे आला होता. सैफ. मूळचा खसबचा, आता सोहारच्या बंदरात मोठ्या जहाजांना धक्क्याला लावणाऱ्या टगबोटी सांभाळतो. तू त्याच्याकडे कामाला विचारून आला होतास आणि वाट बघत होतास, हे मला ठाऊक होतं. आणि आपल्यातली रीत त्यालाही ठाऊक होती. पोराला बाप नसला की त्याच्या कामाची गोष्ट आधी बापाच्या आईकडे न्यायची, तिनं हो म्हटलं की मग पोराला सांगायचं. सोहारमधले लोक आता असलं काही पाळत नाहीत. पण सैफ जुन्या वळणाचा. उपास धरून, इतका समुद्र कापून, माझ्या अंगणात येऊन बसला.

म्हणाला, ‘‘आजी, पोरगा हुशार आहे. टगवर घेतो त्याला. जहाजासारखं महिनोन्‌महिने बाहेर राहणं नाही. बंदरापासून लतीफाबाईंचं घर चालत दहा मिनिटं. रोज संध्याकाळी जेवायला घरी.’’

रोज संध्याकाळी जेवायला घरी.

एवढंच बोलला असता आणि घराचं नाव घेतलं नसतं, तर मी त्याच्या पाया पडले असते. पण मला दिसलं, लतीफा ताट वाढते आहे. लतीफा माशाचा काटा काढते आहे. तू हात धुऊन येतोस आणि तिच्या शेजारी मांडी घालतोस. रोज. वर्षाचे बाराही महिने. आणि माझ्या छतावरून जी जहाजं दिसतात त्यातल्या एकातही तू नाहीस.

मी सैफला म्हटलं, ‘‘पोराचं मन मोठ्या जहाजात आहे. माझ्याकडून नाही समजा.’’

तो म्हणाला, ‘‘त्याला एकदा विचारू का?’’

मी म्हटलं, ‘‘माझं उत्तर ते त्याचं उत्तर.’’

बिचारा उठून गेला. रीत अशी पक्की पाळली की तुला कधी एक शब्द बोलला नाही. ईदला तू आलास. याच उंबऱ्यावर बसून म्हणालास, ‘‘त्यांनी दुसऱ्याला घेतलं, आजी. मला साधं विचारलंही नाही.’’ मी तुझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हटलं, ‘‘लोक विसरतात रे.’’ आणि पुढच्या आठवड्यात तू टँकरवर चढलास.

अफ्रानं लेखणी खाली ठेवली आहे. माझ्याकडे बघते आहे. मी म्हटलं, लिहिलंस? ती म्हणाली, ‘‘लिहिलं.’’ मग म्हणाली, ‘‘माझी आत्या त्या ईदला रडली होती. म्हणत होती, माझ्या घरात काय कमी होतं म्हणून त्या पोराला किनारा नको झाला.’’ म्हणजे तिनं स्वतःला दोष दिला. इतकी वर्षं तिला एकदा तरी रडताना बघायची हौस होती मला. घ्या.

काल उबैद सांगून गेल्यावर मी अफ्राला म्हटलं, तुझ्या आत्याला फोन लाव. तिला वाटलं मी थट्टा करते. लावला.

पलीकडून लतीफा: ‘‘कोण? कुलसूमबाई? मेलं का कुणी?’’

‘‘अजून नाही. म्हणूनच फोन केला.’’

आणि सांगितलं सगळं. पाहुणा, उत्तर, ईद, उबैदनं आणलेलं टाकं, जेवणघरातला कागद. मी शिव्यांची वाट बघत होते. दोन-चार चांगल्या शिव्या तिलाही येत असतील. शेवटी म्हणाली, ‘‘सैफ आता बंदरावर असेल. मी चप्पल घालते आहे.’’

फोन बंद करायचं तिला सुचलं नाही. आम्ही दोघी इकडे कानाला लावून बसलो. दाराची कडी वाजली. मग नुसती तिच्या चपलांची फटक फटक आणि धाप. मधेच कुणीतरी विचारलं, ‘‘उन्हाची कुठे निघालात, लतीफाबाई?’’ तर म्हणाली, ‘‘नातवाला आणायला.’’

आणि तेव्हासुद्धा, हमदान, तेव्हासुद्धा मला तिचा हेवा वाटला. तिला चालत जाऊन तुझ्यासाठी काही करता येतं. मला तीन बाजूंनी डोंगर आणि चौथ्या बाजूला तुझं पाणी. ही माझी जात. सुधारेल असं वाटत नाही.

तासाभरानं तिचा फोन आला. जुनी जागा गेली ती गेली. पण दुसऱ्या टगवरचा दोरखंडवाला पुढच्या महिन्यात घरी बसतो आहे. सैफ म्हणाला, ‘‘पोराला आधी दोर धरावे लागतील, मग वरचं काम. पण या वेळी मी कुणाच्या आजीला विचारणार नाही. त्याच्या तोंडून ऐकेन.’’ लतीफानं हे वाक्य मला दोनदा ऐकवलं. एकदा पुरलं असतं.

तेव्हा ऐक. उबैद उद्या हे पत्र भाज्यांच्या पेटीत घालून आणेल आणि तुझ्या हातात देईल. शुक्रवारी सकाळी तो पुन्हा शिडीशी लागेल आणि नमाजापर्यंत थांबेल. त्याला सांगून ठेवलं आहे, इंजिन बंद पडलं म्हण, पोटात दुखतं म्हण, काहीही म्हण, पण थांब.

नाव लिही असा हुकूम मी करणार नाही. तुझ्या वतीनं उत्तर द्यायचा हक्क मला होता आणि मी तो एकदा वापरला. तो आता संपला. कप्तानाला माणसं कमी पडतील, सोबती काय म्हणतील, हे सगळं तुझ्या मनात येईल, मला कळतं. तू जासिमचा मुलगा आहेस. तोही बुडाला त्या दिवशी सोबत्याला शब्द दिला म्हणून गेला होता. मला एवढंच सांगायचं होतं की किनाऱ्यावर तू कुणाला नको झाला नव्हतास. दोन घरांना इतका हवा होतास की त्यातल्या एका घरानं पाप केलं. हे कळल्यावर काय लिहायचं ते तू ठरव.

आणि उतरलास तर खसबहून इकडे वळू नकोस. आधी सोहार. ती दारात उभी असेल. तिच्या हातचं जेव. मला फोन केलास तर काय जेवलास ते सांगू नकोस, तेवढी दया कर.

नाहीच उतरलास, तर शनिवारी जाताना दिवा दाखवू नकोस. दिवे सगळे बंद ठेवा, पडदे ओढा, कुणाला दिसू नका. मलाही नको. मी छतावर असेनच, पण अंधार बघायला.

अफ्रानं हे सगळं मला परत वाचून दाखवलं. एक शब्द बदलला नाही पोरीनं, अगदी ‘शत्रू’सुद्धा तसाच ठेवला. मीच म्हटलं, खोड तो. ती म्हणाली, ‘‘राहू दे आजी, आत्याला आवडेल.’’

अंगठा खाली उमटवते आहे. शाई जास्त लागली, डाग पडला तर तुझ्या आजीचा समज.

उत्तराचा हक्क तुला परत करणारी,
तुझ्या बापाची आई,
कुलसूम

ता. क. सोहारला पोचलास तर तिथल्या बाजारातून मला वाळवलेली काळी लिंबं पाठव, शेरभर. मासळीच्या रश्शात घालायला घरात एकही उरलेलं नाही. निवडायला लतीफाला बरोबर ने, तिला त्यातलं कळतं, हे मी शुद्धीत असताना सांगते आहे. पण डब्यावर माझं नाव तू स्वतःच्या हातानं लिही. मला वाचता येत नाही, अफ्रा बघून सांगेल अक्षर कुणाचं ते. लिंबं हलकी आणि कडक बघून घे, हलवली की आत वाजली पाहिजेत, आणि उबैदच्या पहिल्याच फेरीत पाठव.